दिसला तो बुडबुडा वाया गेला

माझ्या धाकट्या भावाच्या पायाला जन्मापासून भिंगरी लागलेली आहे. आई म्हणायची, हा पोटातसुद्धा कधी एका कुशीवर राहिला नाही. शाळेत मास्तरांनी बाकावर उभं राहायची शिक्षा केली, तर हा बाकावरच येरझाऱ्या घालायला लागला आणि शेवटी मास्तरच म्हणाले, बस बाबा खाली, मला गरगरतंय. तेव्हापासून त्याचं नाव भिंगरी पडलं. आता तो निवृत्तीला टेकलाय, केस गेलेत, गुडघे कुरकुरतात, पण नाव तेच. त्याचे साहेब कागदोपत्री तेवढं खरं नाव लिहितात, एरवी 'भिंगरीला बोलवा' असंच म्हणतात.

मी त्याची थोरली बहीण. कपडे शिवते. नवरा गेल्यापासून भावाकडेच राहते. माझं शिलाई मशीन खिडकीपाशी आहे आणि खिडकीतून समोरचं अख्खं तळं दिसतं. मी दिवसभर एका जागी बसून असते आणि हा दिवसभर माझ्या खुर्चीमागून जा-ये करत असतो. तो मागून गेला की माझा दोरा तुटतो. तो म्हणतो, दोराच कच्चा आहे. मी म्हणते, कच्चा तू आहेस. भावजय मधे पडत नाही. तिला ठाऊक आहे की आम्ही भांडत नसलो, तर घरात कुणीतरी आजारी आहे.

भाऊ पाण्यावर आहे. आमच्याकडे पाणीपुरवठ्यातल्या माणसाबद्दल असंच बोलतात, अमका पाण्यावर, तमका दिव्यांवर. तळ्याचं पाणी पंपघरात ओढायचं, त्यात तुरटी सोडायची, साका खाली बसू द्यायचा, वाळूतून गाळायचं, क्लोरीन घालायचं आणि वस्तीला सोडायचं. हे सगळं त्याच्या हाताखालचं. आमचं घर पंपघराच्याच वरच्या अंगाला, त्यामुळे तो कामावर कधी आहे आणि घरी कधी, हे आम्हाला कधीच नीट कळलं नाही. तळ्यात तेव्हा दोन मोठी लोखंडी चाकं होती. ती दिवसभर पाणी धोपटायची, फेस उडवायची, आणि त्यांची घरघर आमच्या भिंतींत मुरलेली होती. पाण्याला हवा मिळावी म्हणून ती चाकं. भावाला त्या आवाजावरून सगळं कळायचं. आवाज जरा बदलला की तो ताटावरून उठायचा. भावजय झाकण ठेवायची, तो परत येऊन गार झालेलं खायचा आणि 'आज मीठ कमी आहे' म्हणायचा.

मग तो वाईट उन्हाळा आला.

त्या उन्हाळ्यात तळ्यावर हिरवी साय धरली. साय म्हणते खरी, पण दिसायला ती रंगाचा डबा सांडल्यासारखी होती, दाट आणि चकचकीत. शेवाळ काय आम्ही आधी पाहिलं नव्हतं असं नाही, पण हे काहीतरी वेगळंच होतं. त्याला वास होता. भाऊ साहेबांकडे गेला. म्हणाला, पाणी बरं दिसत नाही, चार दिवस बंद ठेवू. साहेब म्हणाले, वस्तीला काय सांगू, क्लोरीन वाढवा आणि चालू ठेवा. त्यानं क्लोरीन वाढवलं आणि चालू ठेवलं. तो हुकमाचा ताबेदार, दुसरं काय करणार, असं मी आजही भांडून सांगते. तो मात्र तसं कधी म्हणाला नाही.

नेमकी तेव्हाच माझी भाची तिच्या मुलीला घेऊन राहायला आली होती. ही पोर म्हणजे भावाची एकुलती एक नात. गोल चेहरा, मधे दोन बारीक डोळे, म्हणून मी तिला बटण म्हणते. उन्हात खेळून आली आणि म्हणाली, आजोबा, पाणी. भावानं नळाखाली ग्लास धरला, भरला, आणि तिच्या हातात दिला. मी समोरच होते. तिनं गटागटा पिऊन मिशी पुसली, तेसुद्धा मला आठवतं.

त्या आठवड्यात अर्धी वस्ती जुलाब-उलट्यांनी आडवी झाली. बटणला दवाखान्यात ठेवावं लागलं. इवल्याशा हाताला सलाईन लावलेलं, ओठ सुकलेले, आणि भाऊ त्या लांबलचक बोळातून या टोकाकडून त्या टोकाला जातोय. नर्सनं दोनदा दटावलं. पोर वाचली, बरी झाली, घरी गेली. पण जाण्याच्या आधी दवाखान्याच्या बाकावर भाचीनं बापाला एकच विचारलं होतं.

"बाबा, पाण्यावर तुम्हीच होतात ना?"

तो म्हणाला, "हो."

बस्स. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मला तिचा राग आला होता, अजूनही थोडा आहे. पण तिच्या जागी मी असते तर मीसुद्धा तेच विचारलं असतं, आणि याचा मला जास्त राग येतो.

त्यानंतर नळाचं पाणी धुण्याभांड्यापुरतं राहिलं आणि प्यायला टँकर यायला लागला. भाची एक-दोनदा आली, पण येताना स्वतःच्या घरून पाण्याची बाटली भरून आणायची. निळ्या झाकणाची. आल्या आल्या ती टेबलावर ठेवायची आणि आम्ही सगळे त्या बाटलीकडे न बघता तिच्याभोवती बसायचो. टँकरचं पाणी आहे गं, भावजय म्हणायची. असू दे आई, ती म्हणायची. मग तिनं येणंच सोडलं. फोन यायचा. कधी येतेस, असं भावजयीनं विचारलं की म्हणायची, तळं सुधारू दे, मग बघू.

भावाची भिंगरी तेव्हापासून बदलली. आधी तो कुठेतरी जायचा म्हणून चालायचा. आता तो नुसता चालायला लागला. दारापर्यंत जायचा, हात कडीवर ठेवायचा आणि परत फिरायचा. जेवताना टेबलाखाली त्याचे पाय हलत राहायचे आणि आमच्या वाट्या किणकिणायच्या. मी ओरडायचे. ओरडून झाल्यावर माझं मलाच कसंतरी व्हायचं.

पुढच्या वर्षी नवीन यंत्र आलं. नॅनो बुडबुड्यांचं. ते बसवायला कंपनीकडून एक बाई आली, तिशी-पस्तिशीची, पायात गमबूट, आवाज इतका हळू की तिच्याशी बोलताना आपणही कुजबुजायला लागतो. भाऊ तिला मॅडम म्हणायचा आणि ती त्याला काका. तिनं पहिलं काम काय केलं, तर तळ्यातली दोन्ही चाकं उपटून काठावर आणून टाकली. भाऊ घरी आला तो पांढराफटक. म्हणाला, "ताई, चाकं काढली." जणू कुणाचे दात काढले.

मी त्याचा डबा घेऊन पंपघरात गेले होते तेव्हा तिनं दोघांनाही समजावलं. तळ्याच्या बुडाशी वर्षानुवर्षांचा गाळ कुजतोय, तिथपर्यंत हवा पोचत नाही. हवा नसली की गाळातून शेवाळाचं खाद्य वर येत राहतं. चाकं नुसती वरचं पाणी घुसळतात आणि मोठा बुडबुडा वर येऊन फुटतो, हवेतली हवा हवेत जाते. तिच्या यंत्रातून निघणारे ऑक्सिजनचे बुडबुडे इतके बारीक की केसाच्या जाडीत शेकडो रांगेत उभे राहतील. ते वर येतच नाहीत. पाण्यातच राहतात, दिवसेंदिवस भटकतात आणि हळूहळू बुडापर्यंत जातात.

"पण दिसत तर काहीच नाही," भाऊ म्हणाला.

"दिसणार नाही, काका. दिसला तो बुडबुडा वाया गेला असं समजायचं."

"आवाज?"

"आवाजही नाही."

"मग चालू आहे हे कळायचं कसं?"

तिनं दोन ग्लास घेतले. दोन्हींत गाळलेलं स्वच्छ पाणी, पण एक साधं आणि एक यंत्रातून काढलेलं. दिसायला जुळी भावंडं. मग तिनं खिशातून लेझरची छोटी बॅटरी काढली आणि हिरवा किरण साध्या पाण्यातून सोडला. काही नाही. दुसऱ्या ग्लासातून सोडला, तर पाण्यात या काठापासून त्या काठापर्यंत झगझगीत हिरवी रेघ उमटली. बुडबुड्यांवर उजेड पडतो म्हणून, ती म्हणाली. भाऊ आ वासून बघत राहिला.

झालं! याला नवीन नाद लागला. कुठूनशी तसलीच बॅटरी पैदा केली आणि घरभर हिरवा किरण मारत सुटला. पाण्यात, चहात, भाजीच्या रश्शात. माझ्या खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत मारून म्हणाला, ताई, यात काही दम नाही. भावजयीनं दूध तापवलं तर त्यातही. शेवटी मी कात्री उगारली तेव्हा बॅटरी खिशात गेली.

पण तळ्यात बॅटरी मारून काय कळणार? तळ्याचं पाणी आधीच गढूळ, त्यात सगळंच चमकायचं. पंपघराशेजारच्या पत्र्याच्या केबिनमध्ये यंत्र बारीक गुणगुणत राहायचं, आणि बाहेर तळं गप्प. इतकी शांतता झाली की मला माझ्या शिलाई मशीनचा आवाज मोठा वाटायला लागला. भावाला तर ती शांतता खायला उठायची. तो काठावर जायचा, वाकून बघायचा, कान लावायचा. केबिनमध्ये जाऊन काट्यावर टिचकी मारायचा. काटा हिरव्या खुणेवर असायचा. परत काठावर. वास थोडा कमी झाला होता, हे मी खिडकीत बसून सांगत होते. तो म्हणायचा, तुला सर्दी झालीय.

मॅडमनं सांगून ठेवलं होतं की वेळ लागेल, महिने जातील. यंत्रात ऑक्सिजन सोडायचा एक व्हॉल्व्ह होता, त्यावर तिनं स्वतः लाल कापड बांधलं होतं. याला हात लावायचा नाही. आणि ती दुसऱ्या गावच्या कामावर गेली, आठवड्यातून एकदा यायची.

अशात भाचीचा फोन आला. रविवारी तिकडे एका मैत्रिणीकडे येणार आहे, बटणही बरोबर आहे, जाता जाता तळ्यावर पाच मिनिटं थांबेन. घरी येणार का, भावजयीनं विचारलं. बघू, तळ्यावर भेटू. भावजय फोन ठेवून रडली आणि डोळे पुसून लगेच म्हणाली, वन्सं, पडदे धुवायला काढू का? मी म्हटलं, काढ.

भावानं त्या दिवसांत माझे किती दोरे तोडले ते विचारू नका.

"ताई, मी तिला दाखवू काय?" तो म्हणायचा. "ती येणार, बघणार, आणि तळं असं मेल्यासारखं पडलेलं. म्हणेल, काय फरक पडला? मी सांगू काय, दिसत नाहीत पण बुडबुडे आहेत?"

"हो, तेच सांग."

"माझ्यावर विश्वास ठेवून?"

मी हेम तुरपत बसले.

रविवारी दुपारी मी मशीनवर होते. खिडकीतून पाहते तर तळ्याच्या मध्यावर पाणी थरथरलं. मग पलीकडे. मग सगळीकडे. बघता बघता अख्खं तळं उकळायला लागलं, पांढरे शुभ्र बुडबुडे, मुठीएवढे, डोक्याएवढे, खदखदा वर येतायत. आवाजही आला, तो जुना, ओळखीचा. काठावर लोक जमले. कुणीतरी शिट्टी मारली. आणि केबिनच्या दारातून माझा भाऊ बाहेर आला, छाती पुढे, चेहऱ्यावरची वीस वर्षं उतरलेली. मला क्षणभर इतकं बरं वाटलं की त्यानं काय केलं असेल याचा विचारच मी केला नाही.

त्यानं लाल कापड सोडून व्हॉल्व्ह पुरता उघडला होता. यंत्राला एवढा वायू बारीक करता येईना, म्हणून तो तसाच, ढोबळ, तळ्याच्या बुडाशी असलेल्या नळ्यांतून धसाधस सुटत होता.

मी आणि भावजय धावत खाली गेलो. भाची तोवर पोचली होती. बटण टाळ्या पिटत होती. "आजोबा, तळं हसतंय!" भाऊ म्हणाला, "हसतंय ना? तुझ्यासाठी हसतंय." भाची पाण्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा सैल होत गेला. दवाखान्यापासून आवळून धरलेलं काहीतरी सुटत होतं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. ती मला म्हणाली, "आत्या, चहा टाकतेस? वर येते पाच मिनिटं." भावजयीनं माझा दंड इतक्या जोरात दाबला की वळ उठला.

आम्ही जिन्याकडे वळलो आणि तो वास आला.

सडक्या अंड्यांचा. आधी एक झुळूक, मग भिंतच. त्या मोठ्या बुडबुड्यांनी बुडाचा सगळा गाळ ढवळून काढला होता आणि वर्षानुवर्षं तिथे कोंडलेली घाण एकदम वर आली होती. पांढरं पाणी आमच्या डोळ्यांदेखत काळं व्हायला लागलं. लोक नाकाला रुमाल लावून पळाले. बटणनं दोन्ही हातांनी नाक धरलं, मग तिला उमासा आला आणि ती स्वतःच्या बुटांवर ओकली.

भाचीनं तिला उचललं. बाटलीतल्या पाण्यानं तिचं तोंड धुतलं. बापाकडे पाहिलं नाही, आमच्याकडेही नाही. कडेवरची पोर मान वळवून आजोबांकडे बघत होती, आणि त्या दोघी कोपऱ्यावरून दिसेनाशा झाल्या. भाऊ व्हॉल्व्ह बंद करायला धावला. केबिनमध्ये त्याला व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला फिरवायचा तेच कळत नव्हतं, मी त्याला शिव्या घालत होते आणि तो "हो ताई, हो ताई" म्हणत होता.

दुसऱ्या दिवशी काठाला मासे लागले, पोटं वर करून. बुडाची घाण वर आल्यावर होता नव्हता तेवढा ऑक्सिजन तिनं खाऊन टाकला होता.

मॅडम आली. साहेब तिच्या आधीच येऊन तांबडेलाल होऊन बसले होते. यंत्र बिघडलं असं कुणी म्हणायच्या आत भाऊ पुढे झाला आणि म्हणाला, "मी उघडला." साहेब म्हणाले, याला आजच्या आज पाण्यावरून काढतो, गोदामात टाकतो, मोजत बसू दे पाइप. भाऊ मान खाली घालून उभा. मी दारात होते. मला वाटलं, गोदामात गेला तर हा माणूस भिंतीला डोकं घासून मरेल. आणि दुसरंही वाटलं, की मग पोरीला कधी तोंड दाखवणार? तळं सुधारलं तरी ते दुसऱ्याच कुणीतरी सुधारलेलं असेल.

"काका, का उघडलात?" मॅडमनं त्याच हळू आवाजात विचारलं.

"मुलगी येणार होती. तिला काहीतरी दिसायला हवं होतं."

ती साहेबांकडे वळली. म्हणाली, "काकांना इथेच राहू द्या. दुसरा माणूस आणला तर तोही एक दिवस तो व्हॉल्व्ह उघडून बघेल. हे आता नाही बघणार." साहेब पुटपुटले, पण तिच्यापुढे कुणाचं फार चालत नसे.

जाताना तिनं भावाला सांगितलं, "सगळं पहिल्यापासून सुरू. तुमचं काम एकच, व्हॉल्व्हला कुणाचा हात लागू द्यायचा नाही. तुमचासुद्धा. खुर्ची टाका आणि बसा."

अख्ख्या जन्मात ज्याला आई, मास्तर, बायको आणि मी कुणीच बसवू शकलो नाही, त्याला बसायची नोकरी लागली! एरवी मी यावर महिनाभर चिडवलं असतं. पण तो केबिनच्या दाराशी खुर्ची टाकून बसला, हात मांड्यांखाली दाबून, आणि मला खिडकीतून ते बघवेना. पाय तेवढे हलत असायचे. पायांखालची माती भुसभुशीत झाली होती.

मॅडमला ते दिसलं असावं. पुढच्या खेपेला ती म्हणाली, एखादी पांढरी थाळी दोरीला बांधून तळ्यात सोडत जा, कुठपर्यंत दिसते ते बघा. दिसायची बंद झाली की तिथे दोरीला गाठ मारा. मोठमोठ्या तळ्यांवरही असंच बघतात. संध्याकाळी भावजय स्वयंपाकघरात भांडी उपसत होती. "वन्सं, माझी पांढरी थाळी बघितलीत का?" मी मूग गिळून बसले. थाळीला मधोमध भोक पडलं होतं आणि ती तळ्यावर नोकरीला लागली होती.

पहिल्या दिवशी थाळी पाण्यात वीतभरही गेली नाही तोच नाहीशी झाली. पुढे बरेच दिवस वीतभरच. मग एकदा तो जेवताना म्हणाला, "आज कोपरापर्यंत दिसली." दृष्ट लागेल अशा भीतीनं भावजयीनं लगेच भाजीचा विषय काढला. वास गेला. हिरवी साय आली नाही. उन्हाळा आला, मी रोज सकाळी उठून आधी खिडकीत जायचे. साय आली नाही. थाळी हातभर खाली गेली, मग कमरेइतकी. भाऊ काठावर पालथा झोपून खाली बघायचा, आणि येणारेजाणारे विचारायचे, भिंगरी, काय हरवलं?

मी म्हटलं, "पोरीला फोन करते. सांगते तिला."

"नको, ताई."

"अरे पण कळू दे की!"

"नको. मागच्या वेळी मी दाखवायला गेलो. दिसेल तेव्हा दिसेल." आणि उठून गेला, येरझाऱ्या घालायला. मला त्याचा संताप आला. मी फोन हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

प्रयोगशाळेनं पुन्हा पुन्हा नमुने नेले. एकदा चांगलं, एकदा जरा कमी, मग सलग चांगलं. शेवटी थाळी पुरुषभर खोल गेली तरी दिसायची, त्याच सुमारास कागद आला की पाणी पिण्याजोगं आहे. वस्तीत कुणी आनंदानं नाचलं नाही. लोकांनी नळ सोडले, वास घेतला आणि टँकरवर रांग लावली. त्यांचं काय चुकलं? भाऊ रोज सकाळी सगळ्यांदेखत पंपघराच्या नळाचं पाणी प्यायचा आणि दिवसभर स्वतःच्या पोटावर लक्ष ठेवून असायचा. मी त्याला न सांगता पहिल्या दिवसापासून तेच पीत होते. कुणाला तरी काही व्हायचंच असेल, तर आधी मला होऊ दे, असं माझ्या मनात होतं. नंतर कळलं की भावजयही तेच करत होती. हळूहळू टँकरची रांग आखडली आणि एक दिवस टँकर आलाच नाही.

भाचीला कुणी सांगितलं देव जाणे. मी नाही. एका सुट्टीच्या दुपारी, फोन न करता, ती दारात उभी राहिली. बटण उंच झाली होती, पुढचे दोन दात पडलेले. भाची आत आली, पर्समधून निळ्या झाकणाची बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. भावजय पडद्याशी उगाच चाळा करत उभी राहिली.

भाऊ खुर्चीवर बसून होता. बाटलीकडे त्यानं पाहिलं, आणि मग नातीला विचारलं, दात कुणी नेले. ती हसली. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. भाची उठून खिडकीशी आली, माझ्या मशीनवर हात टेकून तळ्याकडे बघत राहिली. पाणी स्थिर होतं. काठालगतचे दगड वरून मोजता आले असते, इतकं स्वच्छ. ती किती वेळ उभी होती मला माहीत नाही. मी शिवायचं नाटक करत होते, सुईत दोराच नव्हता.

"आई, तहान लागली," बटण म्हणाली.

भाचीचा हात बाटलीकडे गेला. झाकणावर थांबला.

"बाबा," ती म्हणाली, "पाण्यावर अजून तुम्हीच आहात ना?"

भाऊ म्हणाला, "हो."

"मग द्या तिला."

तो उठला. नळाशी गेला, ग्लास विसळला, पुन्हा विसळला, पुन्हा. "अहो, झिजेल तो," भावजय म्हणाली. त्यानं ग्लास भरला, उजेडाकडे धरून पाहिला आणि नातीसमोर आणला. तिनं दोन्ही हातांनी तो धरला.

मी खाली पाहिलं. माझ्या भावाचे पाय जागच्या जागी होते. अंगठासुद्धा हलत नव्हता. फक्त बोटं त्या ग्लासाभोवती घट्ट वळलेली, पांढरी पडलेली, आणि बटण ग्लास ओढते आहे, तरी सुटत नाहीत.

"आजोबा," ती म्हणाली, "सोडा ना."